पडत्या काळाची नाणी: कमी पैशांत रोमन नाण्यांचा संग्रह कसा करावा

सोळाशे-सतराशे वर्षं जुनं, अस्सल रोमन नाणं दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात मिळू शकतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. एवढं जुनं आणि एवढं स्वस्त म्हणजे नक्कीच बनावट, असा आपला हिशेब असतो. पण नाण्याचा भाव त्याच्या वयावर ठरत नाही. किती शिल्लक आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यावर ठरतो.

रोमनांनी नाणी अफाट पाडली आणि संकट आलं की मडक्यांत भरून पुरली. पुरणारा बऱ्याचदा परत आलाच नाही. १९२९ मध्ये बल्गेरियात रेका देव्न्या इथे चांदीची ८० हजारांहून जास्त नाणी निघाली. इंग्लंडमध्ये १९७८ साली कुनेटिओचा ५४,९५१ नाण्यांचा साठा सापडला आणि २०१० मध्ये फ्रोमजवळ एकाच मडक्यातून ५२,५०३ नाणी निघाली. यातली बरीचशी संग्रहालयांत गेली, पण असे लहानमोठे साठे युरोपात शेकड्यांनी निघत आले आहेत. त्यामुळे बाजारात माल भरपूर आहे.

कुनेटिओ आणि फ्रोम हे दोन्ही साठे तिसऱ्या शतकातले आहेत, म्हणजे साम्राज्य मोडकळीला आलं होतं त्या काळातले. महागाई, बंडं, परचक्र आणि त्यावर उपाय म्हणून टांकसाळीत रात्रंदिवस पाडलेली हलकी नाणी. ती आज फार स्वस्त आहेत आणि माझ्या मते सर्वांत वाचनीयही तीच आहेत. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या सोन्याच्या नाण्यात दरारा दिसतो, पण तिसऱ्या शतकातल्या गॅलिएनसच्या काळपट तांब्यात सरकारची धडपड दिसते. नवख्याने सुरुवात या किंवा यापुढच्या शतकातल्या पडत्या काळापासून करावी.

आधी विषय ठरवा

‘बारा सीझर’, म्हणजे ज्युलियस सीझरपासूनचे पहिले बारा रोमन सत्ताधीश, पूर्ण करायचे या हौसेने अनेकजण सुरुवात करतात आणि ओथोच्या भावाशी अडतात. ओथोने तीनच महिने राज्य केलं, त्यामुळे त्याचं झिजलेलं नाणंही महाग पडतं. त्यापेक्षा खालच्या तीनपैकी एक वाट धरा.

पहिली वाट गॅलिएनस ते प्रोबस, म्हणजे इ.स. २५३ ते २८२. सम्राट कॅराकॅलाने २१५ च्या सुमाराला एक नवं चांदीचं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असतो. आज त्याला अँटोनिनियानस म्हणतात. त्याची किंमत दोन डिनेरियस (रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं) धरली जायची असं मानलं जातं, आणि चांदी मात्र दीड डिनेरियसचीच. पुढच्या पन्नास वर्षांत ही पळवाट रुंदावत गेली. २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला आणि राज्याचा गाडा त्याचा मुलगा गॅलिएनस याच्यावर पडला. पश्चिमेला गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) वेगळं राज्य उभं राहिलेलं, पूर्वेची सत्ता सीरियातल्या पाल्मायरा शहराकडे गेलेली. सैन्याला पगार द्यायचा तर चांदी आणायची कुठून? त्याच्या राजवटीच्या शेवटी या ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली होती.

याच गॅलिएनसची एक मालिका संग्राहकांच्या फार लाडकी आहे. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत रोमच्या टांकसाळीने मागच्या बाजूला प्राणी छापले: हरिण, सांबर, चित्ता, ग्रिफिन (गरुडाच्या डोक्याचा, पंखवाला सिंह), नरतुरग, समुद्रघोडा. प्रत्येक प्राण्याबरोबर एका देवाचं नाव आणि ‘सम्राटाचा रक्षक’ अशी अक्षरं. हरणाबरोबर शिकारीची देवी डायाना, समुद्रघोड्याबरोबर समुद्रदेव नेपच्यून. झाडून सगळ्या देवांना साकडं घातलेलं आहे. २६८ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केलं. झिजलेलं हरिण आजही दीड-दोन हजार रुपयांत मिळू शकतं.

दुसरी वाट सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या घराण्याची, ३०६ ते ३६१. तांब्याची छोटी नाणी, भरपूर प्रकार, आणि घरातलीच रक्तरंजित भाऊबंदकी. माझी शिफारस हीच.

तिसरी वाट चांदीची. सेप्टिमियस सेव्हेरस (१९३-२११), त्याची बायको ज्युलिया डोम्ना किंवा सेव्हेरस अलेक्झांडर (२२२-२३५) यांचे डिनेरियस. नीरोने ६४ च्या सुमाराला एका रोमन पौंडातून ९६ डिनेरियस पाडायला सुरुवात केली होती, म्हणजे एक नाणं सुमारे ३.४ ग्रॅमचं. सेव्हेरसपर्यंत त्यातली चांदी निम्म्यावर आली. तरीही नाणं हातात घेतलं की चांदीच वाटते.

विकत घेण्याआधी वाचायला शिका

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग फसतात. लॅटिन येत नसली तरी चालेल. पंधरा-वीस संक्षेप आले की पुरतं.

एक नाणं घेऊ. कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टँटियस दुसरा याचं, साधारण १७-१८ मिलिमीटरचं, आपल्या जुन्या २५ पैशांपेक्षाही थोडं लहान. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारा सम्राट, केसांवर मोत्यांची पट्टी, गळ्याशी झग्याची पिन. भोवती अक्षरं: डी एन, मग कॉन्स्टँटियस, मग पी एफ आणि ए व्ही जी. डी एन म्हणजे दोमिनुस नोस्तेर, ‘आमचे स्वामी’. पी एफ म्हणजे पिउस फेलिक्स, ‘धर्मशील, भाग्यवान’. ए व्ही जी म्हणजे ऑगस्टस, अर्थात सम्राट. रोमन लोक ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरत, हे लक्षात ठेवलं की निम्मी अडचण संपते.

नाणं उलटा. ढाल घेतलेला सैनिक घोड्यासकट कोसळलेल्या शत्रूला भाल्याने भोसकतोय. घोड्याचे पुढचे पाय मुडपलेले आहेत, आणि स्वार एक हात मागे सैनिकाकडे उचलतो किंवा घोड्याच्या मानेला घट्ट मिठी मारतो. या दोन्ही तऱ्हा वेगळ्या नोंदवतात. भोवती लिहिलंय ‘फेल टेम्प रेपाराशिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. ही घोषणा ३४८ च्या सुमाराला आली, रोमच्या स्थापनेला परंपरेने ११०० वर्षं होत होती तेव्हा. आणि प्रत्यक्षात? ३५० मध्ये मॅग्नेन्टियसने बंड करून कॉन्स्टँटियसच्या भावाचा बळी घेतला, ३५१ मध्ये मुर्सा इथे रोमन सैन्य रोमन सैन्याशीच लढलं आणि ३५९ मध्ये इराणच्या दुसऱ्या शापूरने रोमनांचं अमिदा हे सरहद्दीवरचं शहर जिंकलं. सुरुवातीला पाच ग्रॅमच्या आसपास असलेलं हे नाणं तोवर दोन-अडीच ग्रॅमवर आलं होतं. घोषणा तीच, चित्र तेच, नाणं मात्र निम्मं. सरकारी जाहिरात आणि बाजारातली महागाई एकाच तुकड्यावर मोजता येते.

आता सर्वांत खाली, सैनिकाच्या पायाखालच्या रेषेखाली पाहा. तिथे टांकसाळीचं नाव असतं. एस एम म्हणजे ‘साक्रा मोनेटा’, राजाची टांकसाळ. त्यापुढे के असेल तर सिझिकस, एन असेल तर निकोमेडिया, ए एन असेल तर अँटिओक. ‘एस आय एस’ म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. ‘टी आर’ म्हणजे ट्रीर. शेवटचं ग्रीक अक्षर कारखान्याचा क्रमांक सांगतं: अल्फा पहिला, बीटा दुसरा, डेल्टा चौथा. कॉन्स्टंटाइनच्या काळात ३२५ पर्यंत लंडनलाही टांकसाळ होती आणि तिची खूण ‘पी एल एन’. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींना ही नाणी थोडी जास्त किंमत देऊनही घ्याविशी वाटतात, आणि त्यात गैर काही नाही.

या घराण्यात नावांचा गोंधळ भयंकर आहे. कॉन्स्टंटाइन, त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन दुसरा, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स, चौघांच्या नावाची सुरुवातीची अक्षरं सारखीच. पुढे ‘मॅक्स ए व्ही जी’ असेल तर बहुतेक थोरला. ‘आय व्ही एन नॉब सी’ असेल तर मुलगा, युवराज असतानाचा. आणि एक फायद्याची गोष्ट: कोसळलेल्या घोडेस्वाराच्या नाण्यावर नाव कॉन्स्टँटियसचंच, पण डोकं उघडं, पट्टी नाही आणि शेवटी ‘नॉब सीझ’ असेल, तर तो सम्राट नव्हे, त्याचा चुलतभाऊ गॅलस. ३५१ ते ३५४ एवढाच काळ तो सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, होता, मग कॉन्स्टँटियसने त्याचा शिरच्छेद करवला. गॅलसचं नाणं जास्त भावाचं, आणि घाईत लावलेल्या ढिगात ते सम्राटाच्या भावात सापडतं.

नोंदी तपासायला ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ हा अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा संग्रह फुकट आहे. सम्राट, टांकसाळ आणि मागच्या बाजूचं चित्र घातलं की छायाचित्रांसकट जुळणारी नाणी येतात. विक्रेते नाण्यापुढे ‘आरआयसी’ आणि एक आकडा लिहितात, तो ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचीतला. आकड्यावर विसंबू नका, स्वतः पडताळा. चुकीचे आकडे सर्रास असतात.

कुठून घ्यायचं, किती द्यायचे

ओळख पटवलेलं चौथ्या शतकातलं बरं तांब्याचं नाणं साधारण १० ते ३० डॉलरना मिळतं, म्हणजे नऊशे ते सत्तावीसशे रुपये. तिसऱ्या शतकातलं टोकदार मुकुटवालं १५ ते ४० डॉलरना. सेव्हेरसच्या काळातला डिनेरियस ५० ते १०० च्या घरात. टपालखर्च वेगळा आणि एका नाण्यासाठी तो नाण्याएवढाच पडू शकतो. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून तीन-चार नाणी एकदम मागवावीत किंवा दोघा-तिघांनी मिळून.

सुरुवातीला नाण्यांचे जुने व्यापारी गाठा, जे अस्सलपणाची कायमची हमी लेखी देतात आणि बनावट निघालं तर पैसे परत करतात. व्हीकॉइन्स आणि एमए-शॉप्स या बाजारांत असे अनेक व्यापारी एकत्र आहेत. सर्वसाधारण लिलाव साइटवरचं ‘आजोबांच्या पेटीत मिळालं, मला काही कळत नाही’ हे वाक्य वाचलं की पान बंद करा. बऱ्याचदा विकणाऱ्याला सगळं कळत असतं.

मातीसकट, न साफ केलेल्या नाण्यांचे ढीग विकतात, ते टाळा. चांगली नाणी आधीच वेचून काढलेली असतात आणि उरलेल्यांत निम्मी वाचताच येत नाहीत. शिवाय असे बरेच ढीग बाल्कन देशांतून चोरून खणलेले असतात. इंग्लंडमधून घेणार असाल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये नोंद झालेलं नाणं मागा. धातूशोधक यंत्राने शोध घेणारे हौशी लोक तिथे आपले शोध नोंदवतात. नाणं कुठल्या शेतात निघालं तेही कळतं आणि कागद स्वच्छ राहतात.

बनावट कसं ओळखायचं

दोन गोष्टी विकत घ्या: शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. दोन्ही हजार रुपयांच्या आत होतात.

साच्यात ओतलेल्या नकलीच्या कडेला गोल फिरणारी बारीक शिवण दिसते, किंवा ती घासून काढल्याचे ओरखडे दिसतात. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत लागतात. खरं नाणं हातोड्याने ठसा मारून पाडलेलं, त्यामुळे कडेला चीर, एका बाजूला सरकलेलं चित्र, अर्धवट अक्षरं या गोष्टी नेहमीच्याच आहेत. चीर पाहून घाबरू नका. घाबरा ते दोन नाण्यांवर अगदी तीच चीर आणि तोच ओरखडा दिसला तर. हाताने पाडलेली दोन नाणी हुबेहूब एकसारखी निघत नाहीत, एका साच्यातली निघतात. चुंबकाला चिकटलं तर खोटं धरून चाला. वजन अपेक्षेपेक्षा फार जास्त किंवा फार कमी असेल तर विक्रेत्याला विचारा.

चांदीच्या डिनेरियसचा पापुद्रा उडून आत तांबं दिसलं तर लगेच परत पाठवू नका. त्या काळातही तांब्यावर चांदी मढवून खोटी नाणी चालवली जात, आणि ती जुनी नक्कलही लोक आवडीने गोळा करतात. भाव मात्र नकलीचाच द्यावा.

कायदा, आणि ‘आमच्या शेतात सापडलं’

भारतात हा भाग नीट समजून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं. खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. व्याख्या नाण्याचा देश विचारत नाही. म्हणजे परदेशातून मागवलेलं रोमन नाणं इथे आल्यावर पुन्हा बाहेर पाठवणं अवघड. परत पाठवायची वेळ येऊ नये म्हणून खात्री आधीच करा. कस्टम्सचे दर बदलत असतात, ते कुरिअरवाल्याकडून आधी विचारून घ्या आणि विक्रेत्याला पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहायला सांगू नका. बिल खऱ्या किमतीचंच हवं.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यामुळे कुणी ‘आमच्या शेतात रोमन नाणी निघाली’ म्हणत दाखवायला आणली, तर एक तर ती बनावट आहेत किंवा बेकायदा. दोन्ही प्रकारांत हात लावू नका. भारतात रोमन नाणी खरंच सापडतात, पण बहुतेक दक्षिणेत. ऑगस्टस आणि टायबेरियसचे डिनेरियस आंध्र-तमिळनाडूच्या साठ्यांतून आले आणि करूरच्या अमरावती नदीच्या पात्रातून चौथ्या शतकाची तांब्याची नाणीही. महाराष्ट्राचा रोमशी व्यापार जोरात होता; पैठण आणि तेर यांची नावं ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या जुन्या ग्रीक पुस्तकात आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्रॉन्झ मूर्ती निघाली. नाणी मात्र आपल्याकडे त्या मानाने फार थोडी मिळाली. एक शक्यता अशी की आलेली चांदी वितळवून क्षत्रप आणि सातवाहनांनी आपली नाणी पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. ही हकिगत रस वाढवणारी वाटली तर अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहून या.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: पुरावस्तूंच्या आयातीवर बंधनं घालणाऱ्या, इटलीबरोबरच्या करारात २०११ पासून काही प्रकारची नाणी आली आहेत. तिथल्याच व्यापाऱ्याकडून कागदपत्रांसह घेणं सोयीचं.

घरी आल्यावर

पहिला नियम: पितांबरी, चिंच, लिंबू, राख, यातलं काहीही नाण्याच्या जवळ आणू नका. देवाच्या तांब्याला जे शोभतं ते इथे घात करतं. नाण्यावरचा हिरवट, तपकिरी किंवा काळा थर शेकडो वर्षांत धरलेला असतो. तो गेला की अक्षरं जातात आणि भावही. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, मऊ टूथब्रश आणि लाकडी टूथपिक वापरा. याहून जास्त काही करायचं नाही.

दुसरा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तांब्याची नाणी तपासावीत. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि पुसून पुन्हा उगवली तर तो ‘ब्रॉन्झ रोग’. धातूत मुरलेले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याने जागे होतात आणि नाणं पोखरत जातात. असं नाणं ताबडतोब वेगळं ठेवा, भुकटी टूथपिकने कोरून काढा, काही आठवडे डिस्टिल्ड पाणी बदलत भिजवा, पूर्ण कोरडं करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. साधा हिरवा थर घट्ट आणि चकचकीत असतो, त्याची काळजी नको.

मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका. त्यांतून निघणारा चिकट पदार्थ नाण्यावर बसतो. आम्लरहित कागदाची पाकिटं स्वस्त आणि चांगली. प्रत्येकावर सम्राट, वर्षं, टांकसाळ, वजन, व्यास, सूचीतला आकडा, कुणाकडून, कधी आणि कितीला घेतलं, हे लिहा. बिल जपून ठेवा. उद्या नाणं दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर त्याची वंशावळ हीच.

पहिली पाच

सुरुवातीला काय घ्यावं असं विचारलंत तर माझी यादी अशी. एक, कॉन्स्टंटाइनचं ‘सोली इन्व्हिक्टो’, सूर्यदेव उभा असलेलं. मिल्वियन पुलावरच्या ३१२ च्या लढाईनंतर त्याने ख्रिस्ती धर्माला जवळ केलं असं सांगतात, पण नाण्यांवर सूर्य पुढेही काही वर्षं तळपत राहिला. दोन, त्याचा थोरला मुलगा क्रिस्पस. ३२४ मध्ये आरमारी लढाई जिंकून देणारा हा मुलगा ३२६ मध्ये बापाच्या हुकमाने मारला गेला, त्याची नाणी तिथेच थांबतात. तीन, ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, दोन सैनिकांचं. याची एक जोडीच घ्या: आधीच्या नाण्यात सैनिकांच्या मधे दोन ध्वज आहेत, नंतरच्यात नाणं लहान झाल्यामुळे एकच. चार, वर सांगितलेला कोसळणारा घोडेस्वार, शक्यतो टांकसाळीची खूण स्पष्ट असलेला. पाच, गॅलिएनसचा एखादा प्राणी.

पाचव्याची घाई नको. आधीची चार टांकसाळीसकट स्वतः ओळखून वहीत उतरवा, मगच त्याचे पैसे बाजूला काढा.